डोंगरातील द्राक्षमळे आणि तुकड्यांची शेती

जमिनीचा तुकडा पडला की शेती बुडाली, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. आमचे आयुष्य फेरफार लिहिण्यात व पोटहिस्से नोंदण्यात गेले. एकाच सर्व्हे नंबराचे भावाभावांत सात वाटे होताना आम्ही पाहिले आहेत. तेव्हा या बोलण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सन १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा याच काळजीपोटी झाला. परंतु तुकडा लहान असणे हे एक दुखणे आणि त्या तुकड्याचा धनी एकटा असणे हे दुसरे. यांपैकी अधिक घातक कोणते, याचा विचार क्वचितच होतो. तो करावयास लावणारा एक दाखला युरोपातील आल्प्स पर्वतात आहे, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

आल्प्स म्हटले की बर्फच डोळ्यांपुढे येते. पण तेथील खोऱ्यांत द्राक्षमद्य करण्याची विद्या रोमन काळापासूनची आहे. पहिल्या शतकातील ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेविले आहे की, आल्प्सकडील लोक मद्य लाकडी पिंपांत भरतात व कडक हिवाळ्यात ते गारठू नये म्हणून शेकोट्या पेटवितात. पुढे ख्रिस्ती मठांनी हे काम हाती घेतले. स्वित्झर्लंडात जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावर लावो नावाचा सुमारे तीस किलोमीटर लांबीचा उतार आहे. तेथील पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांचा मागोवा अकराव्या शतकापर्यंत लागतो. या मळ्यांस तीन सूर्य आहेत, असे तेथील लोक म्हणतात: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परतणारा, आणि तिसरा म्हणजे दगडी ताली दिवसा साठवितात व रात्री सोडतात ती ऊब. थंड मुलुखात द्राक्ष पिकते ते या तालींच्या जोरावर. पावसाने माती खाली वाहून गेली, तर ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेण्याची तेथे जुनी वहिवाट होती.

त्याच देशातील व्हॅले प्रांताची गोष्ट याहून बोधप्रद आहे. दोन्ही बाजूंचे उंच पर्वत ढग अडवितात, म्हणून रोन नदीच्या या खोऱ्यात सियों शहरी वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. आपल्या अवर्षणी तालुक्यांचीही स्थिती जवळजवळ अशीच. तेथील लोकांनी हिमनद्यांचे व डोंगरी ओढ्यांचे पाणी कड्यांच्या अंगाने, कोठे लाकडी पन्हाळींतून, मैलोगणती वळवून आणिले. या पाटांस ‘बिस’ म्हणतात. सियोंजवळचा पंधराव्या शतकातला क्लावोचा पाट आजही द्राक्षमळे भिजवितो. कोणाची पाळी किती, हे पूर्वी लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदीत. आम्हां जुन्या कारकुनांस त्या काठीचा हेवा वाटतो. तीत मागाहून खाडाखोड करणे सोपे नव्हते. पाट फुटला तर दुरुस्तीस सर्व हक्कदारांनी यावयाचे, हा दंडक होता. पांझरेकाठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांस यात काही परके वाटणार नाही.

आता तुकड्यांविषयी. दक्षिण टिरोल हा प्रांत पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. तेथील मळेवाल्यांची धारणा बहुतेक लहान. एवढ्याशा मळ्यास स्वतःचे तळघर, घाणा व पिंपे परवडत नाहीत. मग व्यापारी देईल त्या भावास माल घालणे आले. म्हणून १८९३ मध्ये आंद्रियान व तेर्लान या गावांतील शेतकऱ्यांनी सहकारी तळघरे काढिली. त्यापूर्वीच, १८७४ मध्ये, शेजारच्या सान मिकेले येथे शेतकी शाळा व प्रयोगशेत सुरू झाले होते. आज त्या प्रांतातील सुमारे सात दशांश मद्य अशा सहकारी तळघरांतच तयार होते. मळा ज्याचा त्याचा, तळघर सर्वांचे!

सहकार म्हणजे परीस नव्हे, हेही तेथेच दिसले. पुष्कळ वर्षे या प्रांताचा माल ढिगाने पिकविला जाई व स्वस्तात घाऊक विकला जाई. नाव झाले नाही, पैसाही झाला नाही. १९८० नंतर वेलीवरील घड कमी करून प्रत वाढविण्याचा मार्ग धरिला, तेव्हा दिवस पालटले. वजनाचा मोह जाणे हे संस्था निघण्याइतकेच महत्त्वाचे ठरले.

कोणी म्हणेल, मद्याचा धंदा आमच्यापुढे कशास? आम्ही मद्यपानाचे समर्थक नाही. द्राक्षाऐवजी डाळिंब, ऊस वा दूध घ्या. हिशेब बदलत नाही. तसेच तेथे सर्व कुशल आहे असेही नव्हे. २०२२ व २०२३ या दोन वर्षांत स्वित्झर्लंडातील हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के बर्फ वितळून गेले. पाटांचा झराच आटू लागला तर पाळीचे नियम नव्याने बांधावे लागतील. पण ते बांधण्यास एकत्र बसण्याची सवय त्या गावांस आहे, हे त्यांचे खरे भांडवल.

आपल्याकडे बांधावरून जितके दावे चालतात, तितक्या बैठका पाटावरून भरत नाहीत. वाटणी आता मोडता येणार नाही. सातबाऱ्यावर नावे वेगळी राहोत. पाणी, यंत्र, साठवण व विक्री या चार गोष्टी तरी एका खात्यावर आणाव्या, एवढेच आमचे मागणे आहे.