ईश्वरी कोप कीं मनुष्यांची हयगय?

घाटकोपरच्या छेडानगरांत १३ मे २०२४ रोजीं वादळी वाऱ्यानें एक अजस्र जाहिरात-फलक पेट्रोल पंपावर कोसळला व १७ जीव गेले. सत्तरांहून अधिक लोक जखमी झाले. पुढें उच्च न्यायालयांत एका आरोपीच्या वतीनें असें म्हणणें मांडण्यांत आलें कीं, एवढ्या वाऱ्याची पूर्वसूचना नव्हती, सबब ही घटना ‘ईश्वरी कृत्य’ समजावी. आरोपीस बचावाचा पूर्ण हक्क आहे, आणि दोष ठरविणें हें न्यायासनाचें काम, आमचें नव्हे. परंतु हे शब्द वाचून आम्हांस समाजांतील एका जुन्या समजुतीची आठवण झाली. मोठा अनर्थ ओढवला कीं ‘पाप वाढलें, देव कोपला’ असें म्हणणारे लोक गल्लोगल्लीं भेटतात. वकील देवाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा करतो, भाविक त्याला न्यायाधीश करतो. पण दोघांच्याहि बोलण्याचा शेवट एकच, तो हा कीं, माणसांपैकीं कोणालाच जाब द्यावा लागत नाहीं.

प्रथम कायद्याचा अर्थ पाहूं. इंग्रजी कायद्यांतून इकडे आलेल्या या संज्ञेचा देवाच्या रागालोभाशीं कांहींएक संबंध नाहीं. माणसाचा हात न लागतां निसर्गाच्या शक्तीनें घडलेली, आणि वाजवी खबरदारीनें टाळतां न येणारी गोष्ट, एवढाच तिचा अर्थ. स्कॉटलंडांत ग्रीनॉक येथील नगरपालिकेनें मुलांना पाण्यांत खेळण्यासाठीं तळें बांधतांना ओढ्याचें पात्र वळविलें. पुढें असाधारण पाऊस होऊन पाणी लोटलें व रेल्वे कंपनीचें नुकसान झालें. नगरपालिकेनें देवाकडे बोट दाखविलें, पण १९१७ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती सबब फेटाळली. ओढ्याची वाट ज्यानें मोडली त्यानें तितकीच चांगली वाट करून द्यावी, असा त्या निकालाचा रोख आहे. आतां घाटकोपरचा फलक घ्या. महापालिकेच्या सांगण्याप्रमाणें तो १२० फूट लांब व तितकाच रुंद होता. तिच्या नियमाची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट! वारा देवानें सोडला असेल. फुटांचें माप मात्र माणसानेंच घेतलें होतें.

२६ जुलै २००५ चा दिवस उपनगरांत कोण विसरेल? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास त्याच दिवशीं सुमारें ७३. हा पापाचा झाडा मानावा, तर कुलाब्याचें पुण्य फारच मोठें म्हणावें लागेल! एवढ्या पावसापुढें कोणतेंहि शहर थोडेंबहुत बुडालें असतें, हें आम्ही कबूल करतों. पण विहार-पवईहून निघून साकीनाका, कुर्ला या वाटेनें माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीचें आम्हीं काय केलें? तिच्या पात्रांत भराव पडले, कारखाने व वस्त्या चढल्या, विमानतळापाशीं तिला वळणें दिलीं, मुखाजवळ वांद्रे-कुर्ला संकुल उठलें. शहराचीं जुनीं गटारें तासाला सुमारें २५ मिलिमीटर पावसापुरतीं. तीं ५० पर्यंत वाढवावीं असें सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ पासून दप्तरीं होता, व बारा वर्षांत त्यांतील बहुतेक कामें झालीं नव्हतीं. ग्रीनॉकचा न्याय येथें लावल्यास प्रतिवादींची यादी बरीच लांबेल. त्याच दिवशीं साकीनाक्यास दरड कोसळून झोपड्या गाडल्या गेल्या. घाटकोपरच्या आझादनगरांत जुलै २००० मध्यें हेंच झालें होतें. टेकडीच्या पायथ्याशीं माणूस राहतो तो पापी म्हणून नव्हे, दुसरीकडे भाडें परवडत नाहीं म्हणून.

या मताला थोरांचाहि आधार होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भूकंप होऊन हजारों माणसें दगावलीं, तेव्हां महात्मा गांधींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड आहे असें म्हटलें. अस्पृश्यता हें महापाप, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. तरी रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्या विधानास उघड हरकत घेतली, आणि गांधींनीं ती आपल्या ‘हरिजन’ पत्रांतच छापून उत्तर दिलें. (असे विरोधक व असे संपादक हल्लीं दुर्मिळ!) रवींद्रनाथांचा एक मुद्दा आम्हां वकिलांस विशेष पटतो. हाच युक्तिवाद सनातनी मंडळी उलटवूं शकत होती, कीं तुम्ही धर्म बुडवितां म्हणून धरणी हादरली. जो पुरावा दोन्ही पक्षांस सारखाच उपयोगीं पडतो, तो पुरावाच नव्हे. शिवाय त्या ढिगाऱ्यांखालीं अस्पृश्य नव्हते काय? आमच्या फौजदारी कायद्यांत शिक्षेपूर्वीं आरोप वाचून दाखवावा लागतो, आणि बापाच्या गुन्ह्यासाठीं तान्ह्या मुलाला शिक्षा देतां येत नाहीं. मनुष्याचा कायदा इतका विचारी, आणि परमेश्वराचा न्याय मात्र आंधळा, असें मानणें ही भक्ति कीं निंदा?

तथापि दुःखांत देवाकडे वळणाऱ्यास हंसणें आम्हांस मान्य नाहीं. १८९६ पासूनच्या प्लेगांत वांद्र्याच्या ख्रिस्ती लोकांनीं उभारलेले क्रूस आजहि दिसतात. ज्या घरांतून प्रेत गेलें तेथें प्रार्थना धीर देते. प्लेगाशीं झुंजण्याचा मार्ग मात्र लस व उंदीर-पिसवांचा शोध यांनीं दाखविला.

घाटकोपरच्या प्रकरणीं शासनानें माजी मुख्य न्यायमूर्ति दिलीप भोसले यांची समिति नेमली. आमच्या व्यापारी वाचकांस त्याहून जवळचें एक विचारावयाचें आहे. तुमच्या गच्चीवर जो फलक दरमहा भाडें देतो, त्याच्या मजबुतीचा दाखला शेवटचा केव्हां मिळाला, व तो कोणी दिला? पावसाळ्यापूर्वीं तो कागद मागवून घ्यावा.