जुनी कार घेताय? आधी बोनेटला हात लावून पाहा

धान विकून आलेले दीड-दोन लाख जुन्या कारमध्ये टाकताना नजर जाते ती रंगावर आणि सीटकव्हरवर. पॉलिश दोन तासांत होते; बिघडलेले इंजिन खोलायचे म्हटले की खिसा रिकामा होतो. म्हणून कुडवा-गोंदिया परिसरात गाडी पाहायची असेल तर सकाळीच जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

पोहोचताच बोनेटवर हात ठेवा. गरम लागले तर त्या दिवशी भावाची बोलणी नकोच. दोष थंड इंजिनच दाखवते. तापलेली गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि तिची खडखड दबते.

धूर काय सांगतो?

गाडी सुरू करताना एकाला मागे उभे करा. सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघून दोन मिनिटांत थांबली तर काळजी नाही. थंडीत ती दिसणारच. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर सुरू असेल आणि कूलंट वरचेवर कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला की तो बळावतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले असू शकतात. काळ्या धुराला मात्र लगेच घाबरू नका. पेट्रोल गाडीत तो कधी कधी एअर फिल्टर किंवा सेन्सर बदलून जातो. डिझेलमध्ये इंजेक्टर निघाला तर खर्च मोठा.

मग एसी लावून उभ्या गाडीचे इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. डिसेंबरातच जिचा काटा वर चढतो, ती उन्हाळ्यात रस्त्यात उभी राहील. चोंदलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट ही नेहमीची कारणे. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी अंगावर येते.

खडबडीत रस्त्यावर टेप बंद करून चालवा, सस्पेन्शनचा आवाज ऐकू येतो. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतो आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे? विश्वास पेडलवर ठेवा. गाडी धानाच्या कोठीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडले का, तेही पाहा. आपला मेकॅनिक आणू न देणाऱ्याकडून गाडी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कागदांचा दोष

बालाघाटची एमपी ५० किंवा राजनांदगावची सीजी ०८ गाडी स्वस्त वाटते. पण तिकडच्या परिवहन कार्यालयाची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा एमएच ३५ क्रमांक हे सगळे धरूनच भाव करा. १५ वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी नव्याने करावी लागते. विकणाऱ्यानेही आरसी नावावरून उतरेपर्यंत निश्चिंत राहू नये: गाडी विकली तरी नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.