वैशाखातला दुचाकीस्वार

धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले की आडूळनंतर पाचोड लागते. पैठण तालुक्यातले हे बाजाराचे गाव शेतकऱ्यांना मोसंबीच्या सौद्यांमुळे ठाऊक आहे आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेमुळे. एप्रिल-मे महिन्यांत या गावाच्या फाट्यावर एक तिसरीच वर्दळ दिसते. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणारा तरुण मोटारसायकलवर आहे, मागे पत्नी आहे, दोघांच्या मध्ये किंवा पुढे पेट्रोलच्या टाकीवर मूल आहे, आणि हँडलला लग्नाच्या आहेराची पिशवी लटकते आहे. त्याला गेवराईला जायचे असते, बीडला जायचे असते, कधी थेट धाराशिव किंवा सोलापूर गाठायचे असते. बीड येथून बरेच जवळ. पण संभाजीनगर ते सोलापूर हा पल्ला तीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. पारा चाळिशीच्या पुढे असताना आणि डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापलेला असताना हा प्रवास होतो.

हौसेने उन्हातान्हात मोटारसायकल हाणणाऱ्यांचाही एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. त्यांच्याजवळ जाळीदार जाकिटे असतात, पाठीवर पाण्याची पिशवी असते, मुक्कामाची हॉटेले आधी ठरलेली असतात. त्यांची काळजी वाहण्याचे कारण नाही. ते स्वतःची तयारी करतात आणि न जमल्यास बेत रद्दही करू शकतात. पाचोडच्या फाट्यावरून जाणाऱ्याला बेत रद्द करता येत नाही. भाच्याचे लग्न पुढे ढकलले जात नसते आणि कारखान्यातून मिळालेली रजा एका दिवसाची असते. लांबच्या उन्हाळी प्रवासाची तयारी हा विषय खरा त्याचा आहे. आणि नेमके त्यालाच त्याविषयी कोणी काही सांगत नाही.

सांगण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. पहिली गोष्ट वाऱ्याची. गाडी पळू लागली की वारा लागतो आणि वारा लागला की गार वाटते, असा सर्वांचा अनुभव असतो. पण तो हवा अंगापेक्षा थंड असेपर्यंतच खरा असतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारणपणे पस्तीस अंश असते. बाहेरची हवा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेली की तोच वारा अंगातली उष्णता काढून नेण्याऐवजी अंगात उष्णता भरू लागतो, आणि गाडीचा वेग जितका अधिक तितका हा भरणा अधिक. लोहाराच्या भात्यासमोर बसून कोणी गार होत नाही. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो घामाचा. उघड्या हातांवरचा घाम मराठवाड्याच्या कोरड्या वाऱ्यात जागच्या जागी उडून जातो. अंग ओले झालेले दिसत नाही, म्हणून किती पाणी गेले हे स्वाराला कळतच नाही. मुंबईचा माणूस घामाने भिजतो, कुरकुरतो आणि पाणी पितो. बीडच्या वाटेवरचा माणूस कोरडा असतो, म्हणून निर्धास्त असतो. कडक उन्हात तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाऊ शकते, याची त्याला कल्पनाही नसते.

तेव्हा अंगभर कपडे हाच पहिला इलाज आहे. सुती सदरा पाण्यात भिजवून घालावा, त्यावर पूर्ण बाह्यांचा दुसरा जाडसर सदरा घालावा, म्हणजे आतला ओलावा एकदम उडत नाही आणि अंगाला गारवा देत राहतो. पुढच्या गावी तो पुन्हा भिजवावा. यात नवीन काही नाही. डोक्याला पटका आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा घालून औत हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे शास्त्र न वाचता ठाऊक होते, आणि अरबस्तानच्या वाळवंटात राहणारे लोकही उन्हात अंग उघडे टाकीत नाहीत. अर्ध्या बाह्यांचा सदरा उन्हाळ्यासाठी असतो, हा समज पंख्याखाली बसणाऱ्यांचा आहे.

शिरस्त्राणाची कथाही तशीच. ‘उन्हाने डोके तापते’ या सबबीवर ते कोपराला अडकवून हिंडण्याची पद्धत आहे. वास्तविक भर दुपारी उघड्या डोक्यावर पडणारे ऊन आणि चेहऱ्यावर आदळणारी झळ या दोहोंना तेच अडवते. आत भिजवलेला पातळ रुमाल बांधला की काम भागते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती, हा केंद्र सरकारचाच हिशेब आहे. त्यानंतर सबबीची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

पाण्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. नुसते पाणी पिऊन भागत नाही. घामाबरोबर मीठही जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते तोंडावाटे देण्याचा धोका पत्करला आणि असंख्य जीव वाचविले. ‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये या उपचाराच्या मागील शोधाला शतकातील वैद्यकीय प्रगतीत कदाचित सर्वांत महत्त्वाचे स्थान दिले. महालनोबिस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली, निधनानंतर. सरकारच्या स्मरणशक्तीचा वेग असाच असतो. असो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते आणि ती लिटरभर पाण्यात विरघळवायची असते. रंगीत खोक्यातून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांना याच पुडीचे नाव लावण्याचा प्रकार कित्येक वर्षे चालला होता. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तो बंद केला. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. कैरीचे पन्हे, मीठ घातलेले ताक हेही उत्तम. ज्याला रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याने निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. कांद्याने अपाय होत नाही हे खरे. कांद्याच्या भरवशावर पाणी न घेता निघाले की होतो.

गाडीच्या बाबतीतही समजुतींचाच सुकाळ आहे. उन्हाळ्यात टायरमधली हवा फुगते म्हणून ती कमी ठेवावी, असे पंक्चरच्या दुकानात हटकून सांगितले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी असली की टायर बाजूला दबतो, प्रत्येक फेऱ्याला मुडपतो आणि त्या मुडपण्यानेच तापून फुटतो. गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी, बनविणाऱ्याने सांगितली आहे तेवढी हवा भरावी. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात त्यासाठी सांगितलेली जास्तीची. टायर गुळगुळीत झाला असेल तर लग्नाचा आहेर थोडा कमी करून तो बदलावा. इंजिनातले ऑईल पाहावे, साखळीला तेल द्यावे. टाकी पूर्ण भरली की उन्हाने स्फोट होतो, ही दर उन्हाळ्यात उठणारी आवई मात्र तेल कंपन्यांनी खोडून काढली आहे. तिच्यापायी अर्ध्या टाकीवर निघून आडवाटेला भर दुपारी गाडी ढकलण्याचे कारण नाही.

येथवर सारे स्वाराच्या हातातले झाले. यापुढचे त्याच्या हातात नाही.

पहाटे चारला निघावे आणि दहाच्या आत सावली गाठावी, हा सर्वांत उत्तम सल्ला आहे. आणि तो पाळणे सर्वांत कठीण. रात्रपाळी करून सकाळी सुटलेला कामगार पहाटे कसा निघणार? झोपेविना निघाला तर उन्हाच्या जोडीला डुलकीचे संकट. लग्नाचा मुहूर्त साडेबारा-पाऊणचा असतो, म्हणजे वऱ्हाडाने दहा-अकराच्या उन्हात यायचे आणि पंगत आटोपून तीनच्या उन्हात परतायचे. गोरज मुहूर्त शास्त्राला मान्य आहे. तो वऱ्हाडालाही मान्य व्हावयास हरकत नव्हती. एस. टी.चा पर्याय आहे, असे म्हणता येईल. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो आणि त्यामुळे गाड्या भरून जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु फाट्यावर उतरल्यानंतर पाच-सात किलोमीटर आत असलेल्या वस्तीवर जायचे कसे, हा प्रश्न तिकिटाच्या सवलतीने सुटत नाही. २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने एस. टी. बंद होती, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून दुचाकी घेतली ते पुन्हा थांब्यावर येऊन उभे राहतील असे नाही.

कायदा दुचाकीवर चालकामागे एकालाच बसू देतो. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला शिरस्त्राण आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा व वेग चाळीस किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. पाचोडच्या फाट्यावर तासभर उभे राहिल्यास या नियमाची अवस्था कळते. तापलेल्या टाकीवर बसवलेल्या मुलाला वाऱ्याचा पहिला मारा बसतो, त्याचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि त्याला तहान नीट सांगता येत नाही. दंडाच्या पावतीने हे मूल टाकीवरून उतरणार नाही. आईला आणि त्याला पहाटेची गाडी मिळाली तर उतरेल.

खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने चौदा माणसे गेली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला ऊन म्हणजे काय ते कळले. तेथे पारा चाळीसच्या आतच होता. त्याच्या दहा वर्षे आधी, २०१३ मध्ये, अहमदाबादने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. २०१० च्या मे महिन्यात त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासात दिसून आले. नंतर नागपूरसारख्या शहरांनी त्याचे अनुकरण केले. हे आराखडे बांधकामावरच्या मजुराचा विचार करतात, शाळेच्या वेळेचा करतात, रुग्णालयातल्या खाटांचा करतात. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर असलेला माणूस मात्र कोणाचाच नसतो. रस्ता केंद्राचा, रुग्णालय जिल्ह्याचे, फाटा ग्रामपंचायतीचा. उन्हाने भोवळ येऊन तो दुभाजकावर आदळला की नोंद होते ती ‘चालकाचा ताबा सुटला’ अशी. ताबा कशाने सुटला, त्याने शेवटचे पाणी कुठे प्यायले, अंग किती तापले होते, हे पंचनाम्यात विचारण्याची पद्धत नाही. आणि मोजले न गेलेले मृत्यू आराखड्यात येत नाहीत. किमान एप्रिल ते जून या काळातल्या दुचाकी अपघातांच्या नोंदीत वेळ आणि त्या दिवशीचे तापमान हे दोन रकाने घालायला काय खर्च येतो?

या वाटेला प्रवासी नवे नाहीत. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या आणि पैठणहून तेर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे, विहिरी खोदल्याचे आणि पाणपोया घातल्याचे आपल्या स्तंभलेखात कोरून ठेवले. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे नाथ याच पैठणचे. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घट दान देण्याची चाल या मुलखात अजून आहे. एवढा वारसा असलेल्या मुलखात रस्ते चौपदरी होताना कडेची जुनी झाडे गेली आणि त्यांच्या जागी दुभाजकातली कण्हेर आली. कण्हेरीच्या सावलीत कोण बसणार? दुचाकीला टोल माफ आहे, ही सवलत खरी. पण पैसे न देणाऱ्याची कोणी वाट पाहत नाही, आणि महामार्गावरची विश्रांतिस्थळे मोटारी व मालमोटारी डोळ्यांपुढे ठेवून आखली जातात.

नवी झाडे लावली तरी ती सावली धरायला दहा वर्षे घेतात. तोवर पंधरा-वीस किलोमीटरवर, प्रत्येक मोठ्या फाट्याशी, दहा माणसे बसतील एवढा मांडव, दोन रांजण, डोक्यावर पाणी ओतून घेण्यासाठी एक नळ आणि मीठ-साखरेच्या पुड्यांचा डबा एवढे झाले तरी पुष्कळ आहे. आडूळ, पाचोड, वडीगोद्री, शहागड, गेवराई ही नावे नकाशावर जणू त्यासाठीच ओळीने मांडलेली आहेत. तेथे पाणी भरणाऱ्याला तीन महिन्यांचे मानधन द्यावे. बडबड करू लागलेला, तापलेला माणूस दिसला तर त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये आणि १०८ ला फोन करावा, एवढे त्याला शिकवून ठेवावे. पत्र्याची शेड मात्र नको. मे महिन्यात तिच्याखाली बसणे आणि उन्हात बसणे यात फार अंतर नाही. पैठण आणि गेवराई तालुक्यांत ऊस तोडल्यानंतर शेतात पाचट पडलेले असते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते पेटवून दिले जाते. त्याचे छप्पर पत्र्यापेक्षा स्वस्त पडते आणि खाली गार असते.