विश्वासाला वही हवी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण वहीचीही पूजा करतो. कोऱ्या वहीला हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर 'श्री' लिहितो. हल्ली कोणी लॅपटॉपवर फूल ठेवतात, पण भाव तोच, की हिशेब ठेवणे हेही देवाचेच काम. मग देवाच्या दारी पगारावर काम करणाऱ्यांच्या कामाचीही वही असावी, असे म्हटले की आपल्याला संकोच का वाटतो?

माझा मुलगा तुआसच्या एका कारखान्यात आहे. पाळी संपताना तो नोंदवही भरतो : काय झाले, काय राहिले, कोणता पंप कुरकुरतो आहे. पुढच्या पाळीचा माणूस ते वाचून सही करतो. यात आपल्यावर अविश्वास दाखवला, असे तिथे कोणालाच वाटत नाही.

देवळातला पुजारी, चर्चमधला पाळक किंवा तिथल्या कार्यालयातला कर्मचारी यांच्याबाबतीत मात्र आपण म्हणतो, "ते सेवा करतात, त्यांना काय विचारायचे?" हा आदर खरा असतो, पण तो माणसाला एकटे पाडतो. साउथ ब्रिज रोडवरचे, १८२७ मध्ये स्थापन झालेले श्री मारिअम्मन मंदिर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. तिथल्या मुख्य पुजाऱ्याने काही वर्षे देवीचे दागिने गहाण ठेवले. तपासणी जवळ आली की सोडवून आणायचे, ती झाली की पुन्हा ठेवायचे. २०२० मध्ये हे उघड झाले आणि २०२३ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तपासणी होत होती, पण अधूनमधून. तिजोरी रोज उघडत होती. आठवड्याला दोघांनी मिळून दागिने मोजले असते, तर देवीचे दागिने वाचले असतेच, कदाचित तो माणूसही वाचला असता.

हा प्रश्न एका धर्माचा नाही. सिटी हार्वेस्ट चर्चच्या सहा जणांना २०१५ मध्ये चर्चच्या सुमारे पाच कोटी डॉलरच्या गैरवापराबद्दल दोषी ठरवले गेले. इथल्या कायद्याने नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना वार्षिक अहवाल आणि हिशेब द्यावेच लागतात. पण वर्षातून एकदा दिलेला पैशाचा हिशेब रोजचे काम दाखवत नाही.

कोणी म्हणेल, आजाऱ्याच्या उशाशी घालवलेली रात्र कोणत्या रकान्यात लिहायची? आक्षेप रास्त आहे. म्हणून तास मोजू नयेत. महिन्याला एक पान पुरे : काय केले, काय राहिले, कुठे मदत हवी. आजाऱ्याचे नाव आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यात येऊ नये. ती रात्र मात्र जरूर यावी, नाहीतर समितीला वाटते की पाळक रविवारपुरतेच काम करतात. अशी नोंद कष्टाळू माणसाचा सर्वांत चांगला साक्षीदार असते.

आता माझी चूक सांगतो. विभागप्रमुख असताना सहकाऱ्यांच्या मासिक अहवालांवर मी न वाचता सही करत असे. एका तरुण प्राध्यापकाने सलग तीन महिने 'मदत हवी' असे लिहिले होते. ते मी वाचले त्याचा राजीनामा हातात आल्यावर. वही त्याने प्रामाणिकपणे भरली होती, कसूर माझी होती.

तुआसमध्येच २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन तीन कामगार दगावले. त्या यंत्राने आधी इशारे दिले होते, हे चौकशीत पुढे आले. इशारा मिळणे वेगळे आणि त्याची दखल घेणे वेगळे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही एखाद्या देवळाच्या वा चर्चच्या समितीवर असाल, तर कर्मचाऱ्यांकडे अहवाल जरूर मागा. पण आधी तो वाचून आठवड्याच्या आत लेखी उत्तर देण्याचे वचन द्या. तुम्ही नुसते देणगीदार असाल, तर पुढच्या सभेत एवढेच विचारा : आपल्या पुजाऱ्यांनी, आपल्या पाळकांनी गेल्या महिन्यात काय मदत मागितली आणि आपण काय दिली?

यंदा वहीवर 'श्री' लिहाल, तेव्हा पुढची पानेही भरायची आहेत, एवढे लक्षात असू द्या.