माकडतापाच्या गोचिडींचे नियंत्रण हवामानाच्या नोंदी पाहून आगाऊ करण्याबाबत निवेदन

दिनांक :

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सिंधुदुर्ग जिल्हा, सिंधुदुर्गनगरी.

विषय : गोचीड नियंत्रणाचे काम रुग्ण सापडल्यावर सुरू न करता पाऊस व आर्द्रता पाहून काजू हंगामाआधीच सुरू करणे.

महोदय,

आम्ही दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील काजू बागायतदार, बी वेचणारे मजूर, गुरे राखणारे आणि जंगलालगत राहणारे ग्रामस्थ खाली सह्या करून हे निवेदन सादर करीत आहोत.

माकडताप हा आता आमच्यासाठी परका आजार राहिलेला नाही. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा विषाणू शोधला. पुढची अनेक वर्षे हा रोग तिथलाच समजला गेला. मग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीतील पाली गावात, २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गातील केर गावात आणि त्यानंतरच्या वर्षी बांदा परिसरात तो आला. लागण झालेल्या शंभरांतील तीन ते पाच जण यात दगावतात. यावर नेमके औषध नाही. पूर्वी कर्नाटकात दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने बंद झाली असून नव्या लसीचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. ती येईपर्यंत गोचीड अंगाला चावू न देणे एवढाच उपाय उरतो. त्यामुळे गोचीड कधी वाढते आणि कधी कमी होते, हा आमच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

हे वाढणे-घटणे पावसाच्या हातात आहे. या गोचिडीचे आयुष्य अंडी, अळी, निंफ आणि प्रौढ अशा टप्प्यांतून जाते आणि प्रत्येक टप्प्याला ती नवा प्राणी धरते. प्रौढ गोचीड भर पावसात, जून ते ऑगस्टमध्ये, गुरांच्या व रानातल्या मोठ्या जनावरांच्या अंगावर असते. पोटभर रक्त पिऊन मादी खाली गळते आणि पातेऱ्याखाली अंडी घालते. पाऊस ओसरताना अळ्या बाहेर येतात, त्या उंदीर, चिचुंद्री आणि माकडांवर जातात. त्यांतून नोव्हेंबर-डिसेंबरपासून निंफ तयार होतात. माणसाला प्रामुख्याने चावते ती ही निंफ. ती तिळाएवढी असते, कपड्यावर दिसत नाही, चावल्याचे कळतही नाही. तिचा जोर जानेवारी ते मार्च असतो. नेमका तोच आमचा काजू बी वेचण्याचा, कवळ तोडण्याचा, पातेरा गोळा करण्याचा आणि लाकूडफाटा आणण्याचा काळ. वर्षभरात जंगलाच्या जमिनीवर आम्ही सर्वांत जास्त वाकून असतो ते याच महिन्यांत.

गोचिडीला पिण्यासाठी पाणी लागत नाही, पण हवेतली ओल लागते. ती गवताच्या टोकाशी येऊन जनावराची वाट पाहते, अंग सुकू लागले की पातेऱ्यात उतरते, तिथल्या दमट हवेतून ओल शोषून घेते आणि पुन्हा वर चढते. पातेरा ओला असेल तर हे ती दीर्घकाळ करू शकते. कोरडे वारे सुटले आणि जमीन तापली की हे तिला जमत नाही आणि ती मरते. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला, तर अळ्यांना जगायला जास्त दिवस मिळतात. थंडीत अवकाळी सरी पडल्या, तर निंफांचा हंगाम पुढे रेटला जातो. उलट पाऊस लवकर उघडून कडक ऊन पडले, तर तो लवकर आटोपू शकतो. ऊब वाढली की कात टाकण्याचा वेग वाढतो, पण ओल नसेल तर त्या वेगाचा तिला उपयोग नसतो. नुसता उष्मा पाहून चालणार नाही, ओल आणि उष्मा एकत्र पाहावे लागेल. हवामान हे एकमेव कारण आहे असे आमचे म्हणणे नाही. माकडांचे कळप, गुरांची संख्या आणि जंगल तोडून लावलेल्या बागा यांचाही वाटा आहे. पण बाकीच्या गोष्टी एका वर्षात फारशा बदलत नाहीत, पाऊस दरवर्षी बदलतो.

आपल्याकडे याचा अंदाज घेण्याची साधने आधीच आहेत, हे आम्ही मुद्दाम निदर्शनास आणू इच्छितो. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळांत पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा यांची नोंद घेतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात काजूच्या नुकसानीचा हिशेब अशा केंद्रांच्या नोंदींवरच होतो. डिसेंबरात अवकाळी पाऊस किती मिलिमीटर झाला, हे विमा कंपनीला मंडळनिहाय ठाऊक असते. त्याच पावसाने त्याच काजूखाली किती गोचिडी वाचल्या, हे मात्र कोणी मोजत नाही. मोहोर गळाला तर पंचनामा होतो, मजूर तापाने पडला तर त्याची मजुरी बुडते आणि प्रकरण तिथेच संपते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत बाधित व संशयित गावांत दर पंधरवड्याला गोचिडींची मोजणी व्हावी. पांढरे फडके ठरावीक अंतर जमिनीवरून ओढून त्याला लागलेल्या गोचिडी मोजण्याची पद्धत जुनी, स्वस्त आणि शिकवता येण्याजोगी आहे. ही मोजणी आणि जवळच्या महावेध केंद्राचा पाऊस व आर्द्रता एकाच तक्त्यात ठेवावी. तीन-चार हंगामांत आमच्या मंडळांपुरता स्वतःचा अंदाज बांधता येईल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठामार्फत शेतकऱ्यांना कृषी हवामान सल्ला मिळतोच. करपा आणि तुडतुड्यांच्या इशाऱ्याबरोबर त्यात गोचिडीचीही एक ओळ असावी : या आठवड्यात बागेत जाताना काय काळजी घ्यायची. आमच्या भागात तो सल्ला मोबाईलपेक्षा ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि आशाताईंच्या तोंडून जास्त पोचतो, याचा विचार व्हावा.

दुसरी मागणी गुरांबाबत आहे. गोचीड निर्मूलनाची शिबिरे हिवाळ्या-उन्हाळ्यात घेतली जातात, तेव्हा प्रौढ गोचीड गुरांवर असण्याचा मुख्य काळ उलटून गेलेला असतो. औषध जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा पावसाच्या मध्यावर द्यावे. पावसात अंगावर ओतलेले औषध धुऊन जाते, तेव्हा कोणत्या जनावराला टोचायचे आणि टोचल्यावर दूध किती दिवस वापरायचे नाही, हे पशुवैद्यकांनी गोठ्यात येऊन सांगावे. दूध फेकायला लागले तर भरपाईशिवाय कोणी औषध टोचून घेणार नाही, हेही स्पष्ट सांगतो.

मेलेल्या माकडाचे शव सापडले की भोवतालच्या ५० फूट परिसरात कीटकनाशक भुकटी टाकण्याची पद्धत आहे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी तिथेच गळतात, म्हणून ही जागा सर्वांत धोक्याची. पण भुकटीनंतर पावसाची सर आली, तर ती पुन्हा टाकली जाईल असा लेखी आदेश हवा. जागा दोरी आणि फलक लावून बंद करावी. शव कळवायचे कोणाला, वनरक्षकाला की आरोग्य सेवकाला, हा गोंधळ संपवून एकच क्रमांक जाहीर करावा.

आणखी एक अडचण आहे. काजूच्या आळ्यात पातेऱ्याचे आच्छादन ठेवा, ओल टिकते, असे कृषी विभाग सांगतो. पातेरा काढा, गोचीड वाढते, असे आरोग्य विभाग सांगतो. दोन्ही सल्ले खरे आहेत आणि दोन्ही एकाच झाडाखाली पाळायचे आहेत! वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दोन्ही विभागांसह बसून, पातेरा कोणत्या महिन्यात कुठे ठेवायचा आणि कुठे ओढून काढायचा, यावर एकच सल्ला द्यावा. पातेरा जाळणे हा उपाय आम्हाला मान्य नाही, वणवा बागेत शिरायला वेळ लागत नाही.

अंगाला लावायचे डेपा तेल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच गावोगाव पोचावे. ते सातबारा असलेल्यांनाच नव्हे, तर बाहेरून येणाऱ्या मजुरांनाही मिळावे. घामाने ते उतरते, त्यामुळे एका माणसाला एका हंगामासाठी किती बाटल्या लागतात, याचा हिशेब प्रत्यक्ष विचारून करावा. तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना पहिल्या दिवसांतच घेऊन अहवाल ठरावीक मुदतीत मिळावा, आणि उपचाराच्या काळातील बुडालेल्या मजुरीसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद व्हावी.

परतीचा पाऊस कोकणातून साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात जातो. त्याआधी आरोग्य, वन, पशुसंवर्धन, कृषी आणि महसूल विभागांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली बोलवावी, त्यास आमच्या प्रतिनिधींना उपस्थित राहू द्यावे आणि त्या बैठकीत पहिल्या मोजणीची तारीख ठरवून ती गावांना लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
दोडामार्ग व सावंतवाडी तालुक्यांतील काजू बागायतदार, शेतमजूर, पशुपालक व ग्रामस्थ
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी :
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सिंधुदुर्ग
उपवनसंरक्षक, सावंतवाडी
जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, सिंधुदुर्ग
तहसीलदार, दोडामार्ग व सावंतवाडी