बैलाला हात लावून बघतो, मग माणसाला का नाही?



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या अंकात ऊस नोंदी, तोडणीचा कार्यक्रम, उतारा आणि पहिली उचल हे विषय येतात. ते यायलाच पाहिजेत. यावेळी मात्र थोडी जागा एका वेगळ्या मागणीसाठी मागतो आहे. कारखान्याच्या दवाखान्यात आणि तोडणी मजुरांच्या तळावर रोग्याला डोळ्यांनी, हातांनी व कानांनी नीट तपासणारी शिकलेली सिस्टर असावी, आणि त्या तपासणीसाठी तिला जागा व वेळ मिळावा, एवढीच ती मागणी आहे. वरवर साधी दिसते. पण बारामती-इंदापूर भागातल्या कितीतरी घरांचा जीव तिच्याशी बांधलेला आहे.

आपण शेतकरी माणसे. सकाळी बैलाने वैरणीला तोंड लावले नाही तर आपण काय करतो? आधी लांबून बघतो. रवंथ करतोय का, कान पाडलेत का, नाकपुडी कोरडी आहे का. मग जवळ जाऊन कान हातात धरतो. गार लागले तर मनात धास्ती बसते. डाव्या कुशीत मूठ दाबून पोट फुगलंय का ते अजमावतो. शेण कसं पडलंय ते बघतो. एवढे झाल्यावर डॉक्टरला बोलावतो आणि सगळे सांगतो. हीच रीत माणसाच्या बाबतीत मात्र आपण सोडून दिली. माणूस दवाखान्यात गेला की "पोटात दुखतंय" म्हणायचे, बाकावर बसल्या बसल्या इंजेक्शन घ्यायचे, गोळ्यांची पुडी खिशात टाकायची आणि पाण्याची पाळी आहे म्हणून घाईने परत फिरायचे. अंगाला कोणी हात लावला नाही, याची आपल्याला खंतही वाटत नाही. "सुई टोचली म्हणजे झालं" हा समज आपणच वाढवला आहे. मग रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे झाले तर दोष कोणाला द्यायचा?

सिस्टर म्हणजे सुई टोचणारी आणि सलाईन लावणारी बाई, असे पुष्कळांना वाटते. पण परिचारिकेच्या शिक्षणात शारीरिक तपासणी हा रीतसर विषय असतो. बघणे, चाचपणे, ठोकून पाहणे आणि नळीने ऐकणे असे तिचे चार भाग. यातला एकही भाग आपल्याला परका नाही. ठोकून पाहण्याची पद्धत १७६१ साली ऑस्ट्रियातल्या औएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने पुस्तकात मांडली. त्याच्या वडिलांची सराई होती, आणि दारूचे पिंप वाजवून ते किती भरले आहे हे ओळखायची तिथली रीत त्याने छातीला लावली, असे सांगतात. आपणही डिझेलचे बॅरल वाजवूनच तेल कुठवर आहे ते ओळखतो की! कानातली नळी त्यानंतरची. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोपची सुरुवात झाली.

आता हृदय आणि रक्ताभिसरण तपासताना चांगली सिस्टर काय करते ते बघा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजते. आराम करत असलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते; पण आकड्याइतकीच तिची चालही महत्त्वाची. ठोके एका लयीत पडतात की मधेच अडखळतात, हे बोटांनाच कळते. नख दाबून सोडले की पांढरे पडते आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा लाल होते. वेळ लागला तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाही अशी शंका घ्यायची. नडगीवर अंगठा काही वेळ दाबून धरायचा. खड्डा तसाच राहिला तर ती पाण्याची सूज. मग हृदय, मूत्रपिंड की यकृत, याचा शोध पुढे डॉक्टरांनी घ्यायचा. रोग्याला अर्धवट टेकवून मानेची शीर फुगलेली दिसते का ते बघायचे. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे नाडी लागते का तेही बघायचे. साखरेचा विकार असलेल्या सभासदाने हे शेवटचे ध्यानात ठेवावे. पाचटात अनवाणी फिरताना लागलेली जखम महिनाभर का भरत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्या नाडीत असते.

रक्तदाब मोजायचीही रीत आहे. सायकल मारत आलेल्या माणसाला दारातच पट्टा बांधला तर आकडा खोटा येतो. पाच मिनिटे शांत बसवावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. असे करूनही पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

पोटाच्या तपासणीत क्रम बदलतो. आधी नुसते बघायचे, मग ऐकायचे आणि शेवटी हात लावायचा, कारण आधी दाबले तर आतड्यांची हालचाल बदलते आणि ऐकलेले फसवे ठरते. रोग्याला उताणे झोपवून गुडघे मुडपायला सांगायचे म्हणजे पोट सैल पडते. हात ऊबदार पाहिजेत. दुखते त्या जागेपासून लांब सुरुवात करायची, आणि दाबताना नजर रोग्याच्या तोंडावर ठेवायची. माणूस "काही नाही" म्हणतो, पण तोंड खरे सांगते. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजव्या बाजूला खाली उतरली तर अपेंडिक्सचा संशय घ्यावा. पोट फळीसारखे ताठ झाले असेल तर गोळी देत बसू नये, तडक मोठ्या दवाखान्यात पाठवावे. म्हाताऱ्या माणसाचे ओटीपोट फुगले असेल तर ठोकून बघावे. बद्द आवाज आला तर बरेचदा लघवी तुंबलेली असते. आणि पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात कळ येऊन चक्कर आली, नाडी जलद आणि रक्तदाब खाली असला, तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तिथे तासाभराचा उशीरही जिवावर बेततो.

पोट आणि हृदय या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र घेतल्या. आपल्या भागात त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते. वरच्या पोटात जळजळतंय, गॅस झालाय म्हणून माणूस सोडा पितो, ओवा चावतो आणि रानात निघतो. पण हृदयविकाराचा झटका असाही येतो. साखरेच्या रोग्याला छातीत कळ न येताही येतो. गार घाम, फिकट तोंड, गार हातपाय, अडखळती नाडी ही चिन्हे सिस्टरच्या हाताला लागली की ईसीजीशिवाय त्या माणसाला घरी सोडायचे नाही. चिन्हे नसली म्हणजे झटका नाहीच, असेही नव्हे; संशय असेल तिथे ईसीजी हवाच.

दुसरी गल्लत मण्यारीची. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि पुष्कळदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येईना होते. कोपीत खाली झोपणारा तोडणी मजूर आणि रात्रीच्या पाळीला पाणी धरून बांधावरच आडवा होणारा आपला माणूस, दोघांनाही हा धोका आहे. अशा वेळी पोटदुखीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले तर परत आणायला माणूस राहत नाही. पापण्यांकडे बघायचे भान ज्याला आहे तोच त्याला वेळेवर सर्पदंशाच्या लसीपर्यंत पोचवतो.

"आता यंत्रे आली आहेत, हाताने तपासून काय कळणार?" असे कोणी म्हणेल. त्यांना महाडचे उदाहरण सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी रोग्यांजवळ बसून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब आणि छातीतला आवाज यांच्या नोंदी ठेवल्या. विष हृदयावर व रक्ताभिसरणावर कसे घाला घालते ते त्यांतून उलगडले. १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला, आणि गंभीर रोग्यांत शंभरी तीसच्या आसपास असलेले मृत्यू अगदी थोड्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आडवळणाच्या सरकारी दवाखान्यात हे काम उभे राहिले ते रोग्याजवळ बसण्याने. यंत्रे हवीतच. पण कोणाला कोणत्या यंत्राखाली न्यायचे आणि किती घाईने, हे आधी माणसाने ठरवावे लागते.

तपासणी टाळली की काय होते याचे दुसरे उदाहरण आपल्या फडातच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली विधिमंडळात चर्चा झाली आणि सरकारने चौकशी समिती नेमली. त्यावेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ओटीपोटात दुखते, अंगावरून जाते, एवढ्या तक्रारीवर पुष्कळजणींना "पिशवी खराब झालीय, काढून टाका" असे सांगितले गेले. त्यातल्या कितीतरी दुखण्यांचे मूळ पाण्याची टंचाई, संडासाची गैरसोय, डोक्यावरच्या मोळ्या आणि वेळेवर न मिळालेले औषध यांत होते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले, तर कोवळ्या वयातच हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ह्या बायका दर हंगामात आपल्याच कार्यक्षेत्रात कोपी घालून राहतात. आपला ऊस त्यांच्या हातून गव्हाणीत पडतो. तळावर एखाद्या सिस्टरने त्यांचे पोट आडोशाला नीट तपासले असते, लघवी-रक्ताची तपासणी करायला लावली असती, तर काहीजणी तरी त्या टेबलापर्यंत गेल्या नसत्या. हा प्रश्न बीडचा, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

काही सभासद विचारतील, डॉक्टर असताना सिस्टरने तपासायचे कशाला? उत्तर सरळ आहे. निदान करणे आणि औषध लिहून देणे हे डॉक्टरांचेच काम, ते तिने करू नये. पण डॉक्टरांच्या समोर दिवसाला शेकडो तोंडे असतात. सिस्टरने नाडी, रक्तदाब, सूज, पोट यांची नोंद कागदावर लिहून पुढे दिली, तर डॉक्टरांची नजर नेमक्या रोग्यावर आधी जाते. बायाबापड्या जे डॉक्टरांना सांगत नाहीत ते सिस्टरला सांगतात, हा अनुभव तर घरोघरचा आहे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. मोठा दवाखाना आता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. उणीव आहे ती वेळेवर ओळखून तिथे पाठवणाऱ्या पहिल्या पायरीची. म्हणून संचालक मंडळाला नम्र सूचना अशा :

१. दवाखान्यात तपासणीची एक खोली, पडदा आणि खाट असावी. बाकावर बसवून पोट तपासता येत नाही.

२. हंगाम सुरू होताना आणि मध्यावर अशी दोनदा तळावर तपासणी व्हावी. वेळ संध्याकाळची ठेवावी. पहाटेच फडात गेलेली बाई दुपारच्या शिबिराला येणार कशी? वाहनांचे चालकही त्यात घ्यावेत.

३. तपासणीची नोंद मराठीत लिहून रोग्याच्या हाती द्यावी. पुढच्या दवाखान्यात तीच उपयोगी पडते.

४. सिस्टरला रजिस्टरे भरण्यातून मोकळीक द्यावी. कारकुनी काम कारकुनाने करावे.

आणि सभासदांनाही एक सांगणे. सुई मागू नका, तपासणी मागा. सिस्टरने शर्ट काढून झोपायला सांगितले तर लाजू नका, आणि घरातल्या बाईला तपासून घ्यायला आडकाठी करू नका. उसाला खोडकिडा लागला की आपण पोंगा उपटून बघतो, वास घेतो, आणि मगच औषधाचा डबा आणतो. एवढी विचारपूस आपल्या माणसाच्या वाट्याला यावी. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करून हे लिखाण पुरे करतो.

— एक ऊस उत्पादक सभासद