दाणे चालतील, आजीचा चेहरा हवा

लग्नांचे अल्बम पाहताना हल्ली एक गोष्ट सारखी खटकते. नवरीच्या आजीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत झालेला असतो. सुरकुत्या गेलेल्या, कपाळावरचं गोंदण पुसट, नऊवारीचं विणकाम एकसपाट रंगात विरघळलेलं. हॉलमध्ये उजेड कमी, म्हणून आयएसओ 6400 वर गेला, फोटोत दाणे आले आणि एडिटिंगच्या वेळी नॉइज घालवणारा स्लायडर शेवटपर्यंत ओढला गेला.

दोष आयएसओला दिला जातो. मूळ कारण उजेडाची टंचाई हे आहे. प्रकाश कणाकणानं येतो, आणि ते कण ठरावीक हिशोबानं येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी 100 कण पडत असतील तर साधारण 10 चा चढउतार होतो, म्हणजे 10 टक्के. 10,000 पडले तर चढउतार 100 चा, म्हणजे एकच टक्का. सावलीच्या भागात दाणे जास्त दिसतात ते यामुळेच. आयएसओ कमी ठेवून काळोखा फोटो काढायचा आणि नंतर उजळायचा, ही सवयही उपयोगाची नाही. उजेड तेवढाच राहतो.

म्हणून खरा उपाय क्लिक करण्याआधीचा. अंतरपाटामागे स्तब्ध उभ्या नवरा-नवरीला 1/250 सेकंदाचा शटर लागत नाही, 1/60 पुरतो. तेवढ्यानं उजेड चौपट मिळतो आणि आयएसओ 1600 वर येतो. एफ/4 च्या झूमऐवजी 50 मिमीची साधी एफ/1.8 लेन्स लावली तर त्याहून जास्त फायदा. मोबाइलचा नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करतो. स्थिर दृश्याच्या 16 फ्रेमची सरासरी काढली तर नॉइज चौथ्या हिश्शावर येतो. हा मार्ग मला पटतो, कारण इथं प्रत्यक्ष आलेला उजेडच जमा होतो. एआय डिनॉइज मात्र इतर असंख्य फोटोंवरून शिकून अंदाज बांधतं. भिंतीच्या बाबतीत तो चालेल. आजीच्या गालाच्या बाबतीत नाही.

एडिटिंग करूच नये असं नाही. लाल-हिरवे रंगीत ठिपके बिनधास्त काढा. बारीक करडे दाणे मात्र बरेचसे राहू द्या, आणि निर्णय स्क्रीनवर शंभर टक्के झूम करून घेऊ नका. अल्बमच्या आकारात छापल्यावर त्यातले बहुतेक दिसतही नाहीत.

छायाचित्रकारांना एक विनंती: अल्बम दिल्यावरही मूळ रॉ फाइल पुसू नका. आणि घरच्यांनो, ती मागून घ्या.